घडीचे कान

मराठी माणसाने मांजराला घर दिले, दूध दिले, प्रसंगी लाटणेही फेकून मारले. पण कूळ कधी विचारले नाही. बैलाला आपण खिल्लार म्हणू, गाईला देवणी म्हणू, घोडा भीमथडीचा आहे का याची चौकशी करू. मांजर आपले मांजर! पिल्लांचा बाप कोण, हा प्रश्न तर चांगल्या घरात विचारायचाच नसतो.

साहेबाने तो विचारला. १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वेअर या चित्रकाराने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरवले, कुठल्या जातीला कशाबद्दल गुण द्यायचे ते लिहून काढले, आणि तेव्हापासून तिकडच्या मांजरांना आजे-पणजे लाभले. १८८७ साली मांजरवाल्यांचा राष्ट्रीय क्लब निघाला. वेअरसाहेब अध्यक्ष झाले आणि पुढे बाहेरही पडले. मंडळींना मांजरांपेक्षा बक्षिसांचे प्रेम जास्त, ही त्यांची तक्रार. (आपल्याकडे मंडळाची स्थापना आणि संस्थापकाचा राजीनामा एवढ्या लांब अंतरावर नसतात, इतकाच काय तो फरक.)

ही सगळी शहरी, खातीपिती हौस. पण मला सांगायचे आहे ते एका मेंढपाळाविषयी आणि त्याच्या बायकोविषयी.

१९६१ साल. स्कॉटलंडच्या पर्थशायरमधले कूपर अँगस हे गाव. विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाला जवळच्या शेतावर एक पांढरी मांजरी दिसली. नाव सूसी. गोठ्यातली मांजरी, कुळाचा पत्ता नाही. पण तिचे कान पुढे वाकून डोक्यावर चपटे बसलेले, जणू कुणी इस्त्रीची घडी घातली आहे! चेहरा थेट घुबडाचा. हीच गोष्ट मी आमच्या घरात सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "आपल्याकडे असतं तर दृष्ट काढून टाकली असती." रॉसने दृष्ट काढली नाही. सूसीला पिल्ले झाली, त्यांतल्या दोघांचे कान आईच्या वळणावर गेले, आणि त्यांतली पांढरी स्नूक्स त्याने आणि त्याच्या बायकोने, मेरीने, घरी आणली. स्नूक्स तीन महिन्यांची असताना सूसी मोटारीखाली सापडली. दुसऱ्या पिल्लाचे तर आधीच ऑपरेशन झालेले. म्हणजे त्या घडीच्या कानांचा सगळा वंश एका पिल्लावर येऊन ठेपला. आज जगात या जातीची जेवढी मांजरे आहेत ती सगळी याच सूसीची लेकरे. भोसल्यांच्या वंशावळीतदेखील इतका सरळ हिशेब लागत नसेल.

पुढे नवरा-बायकोने सोयरिकी जमवायला घेतल्या. स्नूक्सच्या वंशाला ब्रिटिश शॉर्टहेअर घराण्यातली, गोल चेहऱ्याची स्थळे पाहिली. १९६६ साली जातीची नोंदणी झाली. आधी सशावरून 'लॉप' म्हणत, मग 'स्कॉटिश फोल्ड' हे नाव पडले. पॅट टर्नर या अनुवंशशास्त्रातल्या जाणकाराची मदत मिळाली. पहिल्या तीन वर्षांत ७६ पिल्ले झाली. ४२ घडीच्या कानांची, ३४ सरळ कानांची. एका आई-बापाकडून आलेले एकच जनुक कान वाकवायला पुरते, हे त्यावरून कळले. मौज म्हणजे जन्मतः सगळ्यांचेच कान सरळ दिसतात. तीन-चार आठवडे वाट पाहायची, मग घडी पडू लागते. मुलगा कुणावर गेला हे बारशालाच ठरवून टाकणाऱ्या आमच्या आत्याबाईंचे तिथे काही चालले नसते.

इथवर सगळे गोड. पण १९७०च्या दशकातच ध्यानात आले, की घडीचा कान आणि घडीचा कान यांचे लग्न लावले तर पिल्लांचे पाय जाड होतात, शेपूट ताठ होते, सांधे धरतात. आपल्याकडचे एकनाड! फरक एवढाच, की इथली नाड भटजींच्या पंचांगात असते, तिथली हाडात होती. सरळ कानाचेच स्थळ पाहायचे, असा नियम झाला. त्याच सुमारास ब्रिटनच्या नोंदणी संस्थेने कानांच्या रोगांची आणि बहिरेपणाची धास्ती घेऊन नोंदणीच बंद केली. ज्या देशात जन्म, त्याच देशात जातीबाहेर! तोवर, १९७० साली, स्नूक्सची तीन पिल्ले मॅसॅच्युसेट्सला एका संशोधकाकडे गेली होती. ती तिथे रुजली आणि १९७८ साली अमेरिकेतल्या प्रदर्शनांत स्पर्धेला उभी राहण्याचा मान जातीला मिळाला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

२०१६ साली जनुकाचा पत्ता लागला. कान वाकवणारा दोष तोच, जो अंगभर कूर्चेत आणि हाडांत बसतो. म्हणजे कान वाकलेल्या मांजराला, एकच आई-बाप तसा असला तरी, सांध्यांचा आजार कमी-अधिक जडतोच. माझ्या पुतणीने मोबाइलवर अशा मांजराचे चित्र दाखवले. पुढचे पाय पोटाशी, मागचे पाय सरळ ताणलेले. "काका, बघा, बुद्धासारखं बसलंय!" पशुवैद्यांना शंका आहे, की ते दुखण्यापासून सुटका म्हणून तसे बसते. मी हे सांगितले. पुतणी गप्प झाली. सौभाग्यवतीने चष्मा लावून चित्र नीट पाहिले आणि विचारले,

"मग हे ओट्यावर उडी मारतं का?"

काही मारतात, काही लवकरच सोडून देतात, मी म्हटले. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून या जातीची पैदास करायला बंदी आहे. अन्यत्र विकत घेणाऱ्याला जाणते लोक सांगतात, की कान पाहू नका, आधी शेपटी हलकेच हातात धरून वाकते का ते पाहा.

पुतणीने किंमत विचारायला लिहिलेला मजकूर पुसून टाकला. आमची बिनकुळाची मनी तेवढ्यात फ्रिजवरून खाली उडाली.