टोपीकरांची टोपी

मराठीने युरोपीय माणसाला ओळखले ते त्याच्या डोक्यावरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सर्वांना मिळून 'टोपीकर' हा एकच शब्द आलेला आहे. हे लोक इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये उभी आहेत, हा अमात्यांचा इशारा सर्वपरिचित आहे. भाषा, धर्म, वर्ण यांपैकी कशावरूनही नाव न पडता ते टोपीवरून पडले, कारण पागोटे आणि मुंडासे यांच्या मुलखात टोपी हीच लांबून दिसणारी खूण होती.

मात्र आज 'साहेबाची टोपी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी उभी राहते ती पांढरी वा खाकी, घुमटाकार, पुढेमागे उतरती कड असलेली सोला टोपी अमात्यांनी पाहिलेली असणे शक्य नाही. ती शतकाहून अधिक काळाने आली. आणि टोपीकरांची म्हणून जी सर्वांत प्रसिद्ध झाली त्या या टोपीत युरोपातून आलेले असे फार थोडे होते. तिचा आकार आशियाई शेतकऱ्याच्या डोक्यावरून आला आणि तिचे द्रव्य बंगालच्या पाणथळीतून.

सध्या डोंगरवाटा तुडवणाऱ्या हौशी मंडळींसाठी ताग, भांग, बूच अशा वनस्पतिजन्य द्रव्यांपासून टोप्या बनवणारे छोटे कारखाने जगभर निघाले आहेत. आपला माल निसर्गाला ओझे होत नाही, मातीत मिळून जातो, असे ते अभिमानाने सांगतात. तो अभिमान खोटा आहे असे नाही. पण रानावनांत हिंडणाऱ्यांसाठी वनस्पतीच्या गराची टोपी लहान कारखान्यांत हाताने बनवण्याचा एक मोठा उद्योग आपल्याच देशात होऊन गेला, त्याने जगभरच्या शिकाऱ्यांची, सर्वेक्षकांची आणि संशोधकांची डोकी झाकली, आणि तरीही त्या कारागिरांचे नाव कोणाला आठवत नाही. हे विस्मरण कसे घडले हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आधी वनस्पतीविषयी. शोला ही शेंगावर्गीय वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव एस्किनोमिनी अस्पेरा. बंगाल, आसाम इकडच्या दलदलीत, साचलेल्या पाण्यात, भाताच्या बुडालेल्या शेतांत ती आपसूक उगवते. तिला कोणी पेरत नाही, खत घालत नाही. पावसाळा सरला की तिचे दांडे कापून वाळवतात. वरची तपकिरी साल पातळ सुरीने सोलली की आत दुधासारखा पांढरा, मऊ आणि विलक्षण हलका गर मिळतो. मासेमारीच्या जाळ्यांना तरंगते ठेवण्यासाठीही तो वापरला जाई, यावरून त्याच्या हलकेपणाची कल्पना यावी. आपल्याकडे अशा गराला 'भेंड' म्हणतात. भेंडाची फुले आणि भेंडाची बाशिंगे जुन्या पिढीने पाहिलेली आहेत.

बंगालमध्ये हे काम परंपरेने मालाकारांचे. त्यांच्या लोककथेप्रमाणे शंकराला आपल्या लग्नासाठी शुभ्र मुकुट हवा होता. विश्वकर्म्यालाही द्रव्य सुचेना, तेव्हा शंकराने आपल्या जटेची एक बट पाण्यात टाकली आणि तिच्यातून शोला उगवली. तो मुकुट घडवायला जो पुरुष निर्माण झाला तो पहिला मालाकार. बंगाली नवरदेव आजही जो उंच, निमुळता पांढरा 'टोपोर' घालतो तो शोल्याचा, आणि दुर्गेच्या मूर्तीचा पांढरा साजही शोल्याचाच. या द्रव्याचे मूळचे नाते असे देवाशी आणि लग्नाशी होते. त्यातूनच पुढे साहेबाची टोपी निघाली.

टोपी बनवण्याची रीत साधी होती, पण तिला हात लागत असे तो मुरलेला. सोललेला दांडा एका हाताने फिरवत ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर लांब सुरी धरायची, म्हणजे गराची कागदासारखी पातळ, अखंड पट्टी उलगडत जाते. अशा पट्ट्यांचे थर लाकडी साच्यावर खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, कडा कापून नीट करायच्या; मग वरून पांढरे किंवा खाकी कापड, कडेच्या आतल्या अंगाला डोळ्यांना थंडावा देणारे बहुधा हिरवे अस्तर, डोक्याभोवती चामड्याची पट्टी आणि माथ्यावर वारा जाण्यासाठी भोक. चामड्याची पट्टी टोपीच्या भिंतीपासून किंचित सुटी ठेवलेली असे, त्यामुळे डोके आणि टोपी यांच्यामध्ये हवा खेळत राही. गराच्या असंख्य पेशींतही हवाच भरलेली. म्हणजे मालाकाराने ऊन अडवले ते हवेने. आजची उष्णतारोधक द्रव्ये याच तत्त्वावर चालतात.

दोषही सांगितले पाहिजेत. ही टोपी पावसात भिजली की मऊ पडे, पडली की तडकत असे, कोणी तिच्यावर बसले तर संपलीच. म्हणून सैन्याने पुढे हाच आकार बुचात घडवून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले वूल्झली शिरस्त्राण बुचाचे होते. पण दौऱ्यावरचा कलेक्टर, रेल्वेचा इंजिनियर, जंगलखात्याचा अंमलदार, चहाचा मळेवाला आणि शिकारी यांच्या डोक्यावर शोल्याचीच हलकी टोपी राहिली.

आकाराचा इतिहास त्याहून बोलका आहे. फिलिपीन्समधील शेतकरी आणि कोळी वेत, बांबू व पाने यांची घुमटी टोपी घालत; तिला तेथे 'सालाकोत' म्हणतात. तिची उपयुक्तता पाहून स्पॅनिश सैनिकांनी ती उचलली, त्यांच्यामागून इंडोचायनातील फ्रेंचांनी. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात १८४० च्या दशकातील शीख युद्धांच्या सुमारास अशी शिरस्त्राणे वापरायला आरंभ केला आणि १८५७ नंतर ती सर्रास झाली. १८७१ मध्ये उजिजी येथे लिव्हिंग्स्टनला गाठणाऱ्या स्टॅन्लेने पुढे छायाचित्रे काढवली ती असेच शिरस्त्राण घालून, आणि तेव्हापासून 'साहसी प्रवासी' या कल्पनेला जणू ही टोपी कायमची चिकटली. व्यंगचित्रकाराला आजही शोधक दाखवायचा असेल तर डोक्यावर ही टोपी काढली की पुरते.

नावाची गंमत तर साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी. 'शोला'चे 'सोला' झाले आणि इंग्रजी कानाला त्यात 'सोलर', म्हणजे सूर्यासंबंधीचे, असे ऐकू येऊ लागले. हा गैरसमज असल्याची नोंद यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातच आहे; तरी तो गेला नाही. लोकव्युत्पत्तीचा हा नमुना म्हणून आपण हसून पुढे जाऊ शकतो. पण त्यात थोडे अधिक घडले आहे. दलदलीतली ती वनस्पती नावातून नाहीशी झाली आणि तिच्या जागी सूर्य आला. वनस्पती गेली तसे तिला कापणारे, सोलणारे, चिकटवणारे हातही शब्दामागून पुसले गेले. टोपी कोठून आली हे सांगणारा शब्द आता टोपी कशाच्या भीतीने घातली जाते तेवढेच सांगू लागला.

ही भीती विलक्षण होती. उष्ण कटिबंधातील सूर्याच्या किरणांत काही खास मारक शक्ती आहे, ती गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूपर्यंत पोचते, अशी समजूत वैद्यकाच्या आधाराने रूढ झाली. अमेरिकन लष्करी वैद्य चार्ल्स वुड्रफ याने १९०५ मध्ये उष्ण कटिबंधातील प्रकाशाच्या गोऱ्यांवरील परिणामांविषयी ग्रंथच लिहिला. डोक्याला टोपी पुरेना म्हणून पाठीच्या कण्यावर जाड कापडाची गादी बांधण्याचीही पद्धत होती. फिलिपीन्समधील अमेरिकन सैनिकांना हे किरण अडवण्यासाठी नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहण्यात आले; लाभ काही दिसला नाही, उकाडा मात्र वाढला. उष्माघात होतो तो शरीरात साठलेली उष्णता बाहेर पडू न शकल्याने, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. टोपीने सावली मिळते, डोळे आणि कातडी वाचते, हा लाभ खराच. पण कवटी भेदणारा किरण हे मिथक होते.

या मिथकाची सर्वांत नेमकी चिकित्सा जॉर्ज ऑर्वेलने केली. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून त्याने स्वतः ही टोपी घातलेली होती. १९४४ मध्ये 'ट्रिब्यून'मधील आपल्या स्तंभात त्याने विचारले की ही अंधश्रद्धा टिकली कशी. आणि उत्तर दिले की आपण आणि 'नेटिव' यांच्यात भेद आहे हे सतत ठसवत राहणे ही साम्राज्याची गरज होती. नेटिवांची कवटी जाड म्हणून त्यांना ऊन बाधत नाही आणि आमची पातळ म्हणून आम्हांला टोपी हवी, असा तो सिद्धान्त. त्याआधी १९३४ च्या 'बर्मीज डेज' या कादंबरीत त्याने दोन युरेशियन पात्रांच्या डोक्यांवर प्रचंड सोला टोप्या ठेवल्या आहेत. आपली कवटी युरोपीय आहे, हे ती गरीब माणसे त्या टोप्यांतून जगाला सांगू पाहतात, असे नायक फ्लोरीचे भाष्य आहे. टोपी येथे उन्हासाठी उरलेलीच नाही. ती जातीचा दाखला झाली आहे.

ऑर्वेलचे विवेचन मान्य करूनही त्यात एक भर घालावीशी वाटते. त्या सिद्धान्ताविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ऑर्वेलच्या हाताशी, किंबहुना डोक्यावरच होता. नेटिवाला ऊन बाधत नसते, तर फिलिपीन्सच्या शेतकऱ्याने सालाकोत विणली कशाला? आसामच्या शेतकऱ्याने जापी, आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याने मुंडासे? कोकणात भातलावणीला वाकलेल्या बायांच्या डोक्यापाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. ते पावसासाठी, पण बुद्धी तीच. जेथे ऊनपाऊस आहे तेथे माणसाने आसपास उगवेल त्यातून आपले छप्पर केलेले आहे. सोला टोपी ही अशाच अनेक पिढ्यांच्या शहाणपणाची उसनवारी होती. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांनाच तिची गरज नाही असे म्हणण्यासाठी ती कोठून घेतली हे विसरणे भाग होते. मराठीत 'टोपी घालणे' या वाक्प्रचाराला जो अर्थ आहे तो येथे लागू पडावा, हा योगायोग म्हणायचा.

या टोपीचा शेवट लवकर झाला. हिंदुस्थानाकडे येणारा साहेब पोर्ट सैदच्या सायमन आर्ट्झ या दुकानात ती विकत घेई आणि कायमचा परतताना तेथून पुढे समुद्रात फेकून देई, अशा आठवणी चार्ल्स अ‍ॅलन यांनी संपादित केलेल्या १९७५ च्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द राज'मध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिक साध्या कापडी किंवा फेल्टच्या टोप्या घालून लढले, आणि उन्हाने कवट्या भेदल्या गेल्याचे काही ऐकू आले नाही. १९४७ नंतर तर गिऱ्हाईकच गेले. काही वर्षे देशी अंमलदारांनी आणि ओव्हरसियरांनी सोला हॅट मिरवली. मग तीही अडगळीत पडली.

मालाकारांचे काय झाले? टोपी गेली तरी टोपोर आणि दुर्गेचा साज राहिला, म्हणून ते पूर्ण बुडाले नाहीत. पूर्व वर्धमान जिल्ह्यातील बनकापासीसारख्या गावात शोल्याचे काम आजही चालते. पण पाणथळी बुजत गेल्या, शेतांत औषधे आली, शोला दुर्मीळ आणि महाग झाली, आणि तिच्यासारखेच पांढरे व हलके दिसणारे थर्मोकोल स्वस्तात मिळू लागले. आपल्याकडेही भेंडाच्या बाशिंगाची आणि मखराची जागा त्यानेच घेतली. शोल्याचा साज विसर्जनानंतर पाण्यात कुजून जाई. थर्मोकोल किनाऱ्याला परत येतो. इरल्याचीही गत वेगळी नाही, त्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला.

म्हणून निसर्गस्नेही टोपीची जाहिरात पाहताना मनात कौतुक आणि खेद दोन्ही येतात. पानाची, गराची, गवताची टोपी पुन्हा प्रतिष्ठित होत असेल तर ते चांगलेच. पण द्रव्य कोणत्या रोपाचे आहे हे सांगणाऱ्या त्या चिठ्ठीवर ते रोप कोणत्या पाण्यात उगवले आणि कोणी सोलले, हेही असायला हवे. एका अक्षराच्या फरकाने शोल्याचा सूर्य होतो आणि माणसे अंधारात जातात, हे आपण एकदा पाहिलेले आहे.