चांदणीवालं इंजिन

आमच्या तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. आधी एसटीने अकोला, मग आगगाडी. आजी म्हणायची, "इंजिन कसलं, काळं धूड होतं! नाकावर पांढरी चांदनी." ती चांदणी म्हणजे डब्ल्यूपी, मेल-एक्स्प्रेस ओढणारं ब्रॉडगेज इंजिन, हे कळायला मला इंजिनियर व्हावं लागलं.

डब्ल्यूपीच्या ताकदीचं कौतुक सगळेच करतात, पण मला तिच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 1920 च्या दशकात रेल्वेला आपला हलका, राखेचा कोळसा वापरायचा होता. त्यासाठी भट्टी रुंद हवी, आणि रुंद भट्टी पेलायला तिच्याखाली छोटी चाकं. म्हणजे पुढे चार, मधे सहा मोठी, मागे दोन. या रचनेला 'पॅसिफिक' म्हणतात. अशी एक्सए, एक्सबी, एक्ससी इंजिनं शेकड्यांनी मागवली. आधी दोन-चार आणून नीट चालवून पाहू, हे कुणाला सुचलं नाही! (ओळखीचं वाटतंय ना? आमच्याकडे याला थेट प्रॉडक्शनवर टाकणं म्हणतात.)

एक्सबी वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खायची. छोट्या चाकांना बाजूला सरकताना जो आवर हवा तो कमी पडायचा, आणि सगळा धक्का रुळांवर. रूळ वाकडे होत होते, तक्रारी सुरुवातीपासून होत्या. मग काय, कधी रुळांना दोष, कधी वेगावर बंधन. 17 जुलै 1937 ला पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाब-हावडा एक्स्प्रेस घसरली, शंभराहून जास्त माणसं गेली. इंजिन एक्सबीच होतं. त्यानंतर नेमलेल्या कर्नल माउंट यांच्या समितीने, पुरेशा चाचणीशिवाय एवढी इंजिनं घेतली याबद्दल चांगलंच सुनावलं.

डब्ल्यूपी आली ती हे सगळं भोगून झाल्यावर. रचना तीच, कोळसा तोच. पण 1947 मधे अमेरिकेच्या बाल्डविनकडून फक्त 16 आली, ती चालवून पाहिली, मगच मोठ्या ऑर्डरी. 1967 पर्यंत 755 झाली, त्यातली 259 चित्तरंजनला बनलेली.

आमच्या जवळची मीटरगेज लाईन म्हणजे अडगाव, हिवरखेडवरून जाणारी अकोला-खंडवा. मीटरगेजवर एक्स्प्रेसचं काम वायपीकडे असायचं. तीही पॅसिफिकच, धाकटी बहीण म्हणा. ती लाईन रुंदीकरणासाठी 2017 मधे बंद झाली. 2022 मधे अकोला-अकोट ब्रॉडगेज सुरू झाली.

जाता जाता एक गंमत. 'गदर'मधे 1947 ची म्हणून जी गाडी दाखवलीय, तिचं इंजिन रेवाडीचं 'अकबर', डब्ल्यूपी 7161. चित्तरंजनला बनलंय 1965 साली! आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग? चांदनी तं हाये ना."