पाहुण्यांसाठी नसलेला पदार्थ

इंग्रजीत कॉब्लर म्हणजे मोची. त्याच नावाचं एक जुनं थंड पेयही आहे. आणि तिसरा कॉब्लर म्हणजे खोलगट भांड्यात साखर घातलेली फळं, वर मैद्याचे ओबडधोबड गोळे, आणि भाजून झाल्यावर गोळ्यांच्या फटींतून उकळून वर आलेला लालसर रस. मला हा तिसरा आवडतो. खायलाही आणि वाचायलाही.

वाचायला म्हणजे असं, की जुन्या पाककृती मी इतिहासाचे कागद म्हणून वाचते. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांपेक्षा घरात रोज काय शिजत होतं त्यात मला जास्त रस. आणि कॉब्लर तर अमेरिकेतला अगदीच घरगुती प्रकार. १८३९ साली लेटिस ब्रायन नावाच्या बाईंचं 'द केंटकी हाउसवाइफ' हे पुस्तक आलं. तेराशेहून जास्त कृतींचं जाडजूड पुस्तक. त्यात पीचची 'पॉट-पाय' आहे आणि तिलाच लोक कॉब्लर म्हणतात, असं ब्रायनबाई सांगतात. भांड्याला आतून मैद्याची पारी लावायची, पिकलेल्या पीचच्या फोडी भरायच्या, मूठभर तांबूस साखर, पाणी, वरून पुन्हा पारी. शेवटी एक शेरा: पाहुण्यांपुढे ठेवण्याइतकी ही काही फॅशनेबल नाही, पण घरच्यांसाठी थंड दुधाबरोबर उत्तम.

अशी सगळी धडपड एकाच भांड्यात करायचं कारण सरळ आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना पाय आणि पुडिंग माहीत होतं, पण नव्या मुलखात प्रत्येक घरी भट्टी कुठली? असायचा तो डच अव्हन. तीन पायांचं बिडाचं भांडं, आणि कडा उचललेलं झाकण, म्हणजे त्यावर निखारे ठेवता येतात. खाली विस्तव, वर विस्तव. कोकणातल्या ज्या घरांत काकडीचं धोंडस अजून चुलीवर होतं, तिथे हे समजावून सांगावं लागणार नाही. गोव्यात बेबिंकाचे थरही असेच वरच्या निखाऱ्यांवर भाजले जात.

ब्रायनबाईंच्या कृतीत तापमान नाही, मिनिटं नाहीत. फक्त एवढंच, की आच मध्यम ठेवा आणि मधूनमधून झाकण उचलून बघत राहा. मी इथे दर वेळी अडखळते. उचला म्हणजे कोणी? निखाऱ्यांनी भरलेलं बिडाचं झाकण जड असतं, आणि १८३९ मधलं केंटकी हे गुलामगिरीचं राज्य होतं. तिथल्या ऐपतदार घरांत चुलीपुढे बहुतेक करून गुलाम बायका असत. पाककृतीच्या भाषेत कर्ता नसतो, आणि त्या आडोशाला पुष्कळ माणसं लपवता येतात.

फळाचंही तसंच. पीच मूळचं चीनचं. इराणमार्गे युरोपात पोचलं म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात पर्शिया अडकून बसला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं आणि तिथल्या मूलनिवासींनी ते इतकं आपलंसं केलं, की १६८३ साली विल्यम पेनला त्यांच्या प्रत्येक वस्तीत पीचची झाडं दिसत होती. पुढे १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिवनची फौज इरोक्वॉय लोकांच्या मुलखात शिरली. तिने चाळीसहून अधिक गावं जाळली, मक्याची कोठारं जाळली आणि पीच-सफरचंदांच्या बागा तोडल्या. १८६४ मध्ये तेच नैऋत्येला घडलं. नावाहो लोकांना आधी बळाने दूर हाकललं गेलं होतं. मग कॅप्टन जॉन थॉम्सनच्या सैनिकांनी कॅन्यन द शे या दरीतली त्यांची हजारो पीचची झाडं कापली. शेत जाळलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. फळझाड तोडणं म्हणजे माणसांनी परत येऊच नये याची सोय. तरी १८६८च्या तहानंतर नावाहो परतले आणि त्यांनी पुन्हा पीच लावले.

दरम्यान, १८७०च्या दशकात जॉर्जियात सॅम्युअल रम्फने 'एल्बर्टा' जातीचा पीच काढला. तो रेल्वेच्या लांब प्रवासात टिकायचा. पीच म्हणजे जॉर्जिया हे समीकरण त्यानंतर पक्कं होत गेलं.

आता १८८१. सॅन फ्रान्सिस्कोत एक पुस्तक छापलं गेलं, 'व्हॉट मिसेस फिशर नोज अबाउट ओल्ड सदर्न कुकिंग'. ॲबी फिशर साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. मुक्तीनंतर ती कॅलिफोर्नियात आली आणि लोणची-मुरंब्यांचा धंदा करू लागली. प्रदर्शनांत पदकं मिळाली. लोक पुस्तक काढ म्हणून मागे लागले. पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. प्रस्तावनेत ती हे सरळ सांगून टाकते. शेवटी ती बोलत गेली आणि ओळखीच्या मंडळींनी उतरवून घेतलं. सुमारे १६० कृती, त्यात पीच कॉब्लर आहेच.

उतरवणाऱ्यांना दक्षिणेतल्या पदार्थांची नावं कानाला नवी असावीत. जांबालायाचं झालं 'जंबर्ली'. मका आणि लिमा बीन्सच्या 'सकोटॅश'चं झालं 'सर्किट हॅश'. सकोटॅश हा नॅरागॅन्सेट या मूलनिवासी भाषेतून आलेला शब्द. तो एका कृष्णवर्णीय बाईच्या तोंडून निघून गोऱ्या कानांत शिरला आणि छापखान्यात पोचेपर्यंत भलताच होऊन बसला. मला हा मुद्रणदोष जपून ठेवावासा वाटतो. त्यात तिचा आवाज ऐकू येतो.

याच्या आठ वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. शाळेत हे आपण एका ओळीत वाचतो. पण मुक्त झालेल्या माणसांनी नंतर काय केलं? त्यांतल्या एकीने लोणची घातली, पदकं जिंकली आणि स्वतःच्या नावाचं पुस्तक काढलं. त्यात लहान बाळाच्या पेजेची कृती देताना ती सांगते, की मी अकरा मुलांना जन्म दिला आणि सगळी वाढवली. अनुभवाचा दाखला म्हणून दिलेली माहिती आहे ही, पण ज्या व्यवस्थेत मूल आईचं नसून मालकाचं असे, तिथून आलेली बाई हे बोलते आहे.

पुढचा प्रवास झटपट. १८५०च्या दशकानंतर बेकिंग पावडर आली, पारीची जागा फुगणाऱ्या मऊ गोळ्यांनी घेतली. १८९६ मध्ये फॅनी फार्मरने मोजून-मापून चमचे आणले. १९३१ मध्ये बिस्क्विकचं तयार पीठ डब्यात आलं.

घरी करायचा तर मे ते जुलै हिमाचल-उत्तराखंडचे पीच बाजारात असतात (भाजीवाले आडू म्हणतात). अर्धा किलो सोलून फोडी करा, चार चमचे साखर, थोडं लिंबू. फळं आधी दहा मिनिटं भट्टीत तापवा, म्हणजे वरचा गोळा खालूनही शिजतो. वाटीभर मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, थंड लोणी बोटांनी चोळून, लागेल तसं दूध. गोळे चमच्याने टाका, थापू नका, वाफ जायला फटी हव्यात. १९० अंशांवर साधारण चाळीस मिनिटं. ओटीजीला काच असते, त्यामुळे झाकण कोणालाच उचलावं लागत नाही. आइस्क्रीम सगळेच घालतात. एकदा ब्रायनबाईंचं ऐकून थंड दूध ओतून बघा.