औद्योगिक दृष्टी-कॅमेरा : दूरस्थ पडद्यावरील रिझोल्यूशन

कारखान्यातील तपासणी-कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर किंवा लाइनशेजारच्या टचस्क्रीनवर दाखवताना किती पिक्सेलांची पाठवायची, हे ठरवणारी सेटिंग. स्मार्ट कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे पर्याय बहुधा पूर्ण, अर्धे आणि पाव असे असतात. सेकंदाला जास्तीत जास्त किती प्रतिमा पाठवायच्या, याची मर्यादाही अनेकदा सोबतच घालता येते.

स्मार्ट कॅमेऱ्यात ट्रिगर मिळाल्यावर प्रतिमा घेणे, कडा शोधणे, माप काढणे आणि माल पास की रिजेक्ट हे ठरवणे, ही सगळी कामे कॅमेऱ्यातील प्रोसेसरच करतो. निकाल तिथून थेट लाइनचे नियंत्रण करणाऱ्या पीएलसीकडे जातो. पडद्यावरची प्रतिमा फक्त माणसाने पाहण्यासाठी असते. त्यामुळे ती लहान केल्याने मोजमापाच्या अचूकतेत काडीचाही फरक पडत नाही. उलट, प्रतिमा बाहेर पाठवण्याचे कामही त्याच प्रोसेसरवर पडत असल्याने वेगवान लाइनवर ओझे हलके होते.

‘अर्धे’ म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी. म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. ‘पाव’मध्ये ते सोळाव्या हिश्शावर येतात. १६०० × १२०० पिक्सेलांची ८ बिटांची कृष्णधवल प्रतिमा १९ लाख २० हजार बाइटची होते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या इथरनेटवरून, दुसरी कसलीही वाहतूक नसली तरी, अशा प्रतिमा सेकंदाला जेमतेम साडेसहा जातात. अर्ध्या रिझोल्यूशनला हाच आकडा २६ होतो. एकाच स्विचवर चार-पाच कॅमेरे असले की पडदा अडखळू लागतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

प्रतिमा लहान कशी केली जाते, हे मात्र पाहायला हवे. बेअरिंगच्या कड्याचे उदाहरण घेऊ. ८० मिलिमीटरचे दृश्यक्षेत्र १६०० पिक्सेलांवर पसरले असेल, तर एक पिक्सेल म्हणजे ०.०५ मिलिमीटर आणि ०.१ मिलिमीटरची उभी चीर दोन पिक्सेल रुंद. पाव रिझोल्यूशनसाठी दर चार स्तंभांतला एकच ठेवून बाकीचे गाळले, तर सरळ उभी चीर सरासरी दोनांपैकी एका वेळी पडद्यावरून साफ नाहीशी होते. चार पिक्सेलांची सरासरी काढली, तर ती उरते, पण निम्मी किंवा त्याहून फिकी. कॅमेरा रिजेक्ट देतो आणि ऑपरेटरला कडे स्वच्छ दिसते. मग दोष कॅमेऱ्याच्या माथी मारून मर्यादा सैल केल्या जातात, आणि खराब माल पुढे सरकतो. तपासणीचे चौकोन आणि रेषा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमेवर वेगळ्या काढल्या जातात. त्या रेखीवच राहतात, म्हणून खालची प्रतिमाही रेखीव आहे असा भास होतो.

यामुळे लेन्सचे फोकस जुळवताना, नमुना शिकवताना आणि रिजेक्टच्या मर्यादा ठरवताना पूर्ण रिझोल्यूशनच ठेवावे. त्या वेळी चित्र संथ आले तरी चालते. उत्पादन सुरू झाल्यावर देखरेखीला अर्धे पुरते. पाव रिझोल्यूशन भाग जागेवर आला की नाही एवढेच पाहायचे असेल तेव्हा वापरावे. पृष्ठभागाच्या तपासणीत ते टाळलेलेच बरे. रिजेक्ट झालेल्या प्रतिमा पुराव्यासाठी साठवायच्या असतील, तर त्या साठवणीचे रिझोल्यूशन पडद्याच्या सेटिंगशी बांधलेले नाही ना, हे आधी तपासावे.

या सेटिंगची गल्लत बिनिंग आणि डेसिमेशन यांच्याशी होते. जेनआयकॅम मानक पाळणाऱ्या कॅमेऱ्यांत ही नावे भेटतात. बिनिंग शेजारचे पिक्सेल एकत्र करते, डेसिमेशन मधले गाळते. दोन्हींत कॅमेऱ्यातून बाहेर पडणारी मूळ प्रतिमाच बदलते. पिक्सेलचे मिलिमीटरमध्ये केलेले कॅलिब्रेशन त्यानंतर लागू राहत नाही, ते नव्याने करावे लागते. संगणकावर आधारित यंत्रणेत तपासणी संगणकच करतो, म्हणून तिथे कॅमेऱ्याकडून पूर्ण प्रतिमाच यावी लागते आणि लहान करायची ती शेवटी, पडद्यावर काढताना.