आजाऱ्याच्या उशाशी सूर कसा आला

फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून 1856 मध्ये परतल्या. तीन वर्षांनी त्यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटेखानी पुस्तक आलं, घरोघरी आजाऱ्यांची उस्तवार करणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं. त्यात एक अख्खं प्रकरण गोंगाटावर आहे. आज इस्पितळात रुग्णाला ऐकवल्या जाणाऱ्या संगीताचं कूळ शोधताना मी याच प्रकरणापाशी थांबतो. त्याहून जुनी मुळं आहेतच. तुर्कस्तानातल्या एदिर्ने इथं सुलतान दुसरा बायेझीद याने 1488 च्या सुमारास बांधून पुरा केलेल्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा गवई-वादक रुग्णांसमोर बसत, असं सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहून गेला आहे. पण ते गवई येत आणि जात. नाइटिंगेलबाईंनी हा विचार रात्रंदिवस उशाशी असणाऱ्या बाईच्या हाती दिला.

आधी त्यांनी शांततेची घडी बसवली. रेशमी कपड्यांची सळसळ, घेरदार झग्याचा वस्तूंना लागणारा धक्का, करकरणारे जोडे, वाऱ्यानं खडखडणारी खिडकी यांतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. दाराबाहेर हलक्या आवाजात चाललेली कुजबुज तर त्यांना निर्दयपणाच वाटे, कारण रुग्ण कान देऊन ऐकतो आणि ती आपल्याविषयीच आहे हे त्याला कळतं. पहिल्या झोपेतून दचकून उठलेल्या आजाऱ्याला पुन्हा डोळा लागत नाही, काही तास झोपून उठलेल्याला लागतो, हेही त्यांनी टिपून ठेवलं. असं निरीक्षण उशाशी जागल्याशिवाय हाती येत नाही.

मग त्याच प्रकरणात, अगदी थोडक्यात, त्या संगीताकडे वळतात. माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं आणि सलग स्वर देणारी तंतुवाद्यं आजाऱ्याला मानवतात. पियानोसारखा तुटक स्वर त्रास देतो, मग वाजवणारा कितीही तयारीचा असो. रस्त्यावरच्या दांडा फिरवायच्या पेटीवरची ओळखीची साधी चाल मात्र निववते. हे लिहिणाऱ्या बाई तरुणपणी इटालियन ऑपेराच्या वेड्या होत्या, तरी इथं त्यांनी स्वतःची आवड बाजूला ठेवून रुग्णाकडे पाहिलं. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या आपल्या माणसाला त्यांचं सलग स्वराविषयीचं म्हणणं चटकन पटेल.

1891 मध्ये लंडनला फ्रेडरिक हारफर्ड या धर्मोपदेशकानं ‘गिल्ड ऑफ सेंट सिसिलिया’ काढली. त्याचे गायक-वादक शेजारच्या खोलीत, रुग्णाला न दिसता, दबक्या व्हायोलिनवर आणि हार्पवर मंद वाजवत. टेलिफोनच्या तारेवरून इस्पितळांना गाणं पोचवायचाही त्याचा बेत होता. नाइटिंगेलबाईंनी या कामाला पाठिंबा दिला; पण पैसा आणि हारफर्डची प्रकृती दोन्ही कमी पडली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत आयसा मॉड इल्सन पुढे आल्या. त्या संगीतकारही होत्या आणि परिचारिकाही. जखमी सैनिकांसाठी काम केल्यावर 1926 मध्ये त्यांनी इस्पितळांतल्या संगीतासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

पुरावा जमायला पुढं पुष्कळ वर्षं गेली. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’नं 73 चाचण्यांचा आढावा छापला. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकवलेल्या रुग्णांना वेदना आणि धास्ती कमी जाणवली, वेदनाशामकंही कमी लागली. पूर्ण भूल दिलेली असतानाही थोडा गुण आला. इस्पितळातला मुक्काम मात्र घटला नाही.

आपल्याकडे काही दवाखान्यांत दिवसभर एकच धून स्पीकरवर चालू असते. तिला मी या कुळात धरणार नाही. ती नको असलेल्या रुग्णाला बंद करता येत नाही, आणि नाइटिंगेलबाईंच्या हिशेबी तो गोंगाटच झाला. सिस्टरनं आधी मॉनिटरचा आवाज शक्य तितका उतरवावा, ‘आजी, काय ऐकणार? अभंग लावू का जुनं नाट्यगीत?’ असं विचारावं, हेडफोन कानावर नीट बसवावा आणि दोन मिनिटं श्वासाकडे, कपाळावरच्या आठ्यांकडे बघत थांबावं. आजींनी मान हलवली तर लगेच बंद करावं.