कायद्याचे कॉलेज आणि कचेरीची खिडकी

कायद्याच्या शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिला गेला. कोणत्या कॉलेजातून किती न्यायमूर्ती निघाले याचा एक, आणि अभ्यासक्रम केव्हा बदलला, दोन वर्षांचा तीन वर्षांचा कसा झाला याचा दुसरा. या दोन्ही इतिहासांत कचेरी नाही. अर्ज घेणारा कारकून, शिष्यवृत्तीची यादी करणारा लिपिक, वसतिगृहाचा अधीक्षक, ग्रंथालयातला परिचर, दारावरचा शिपाई यांची नोंद झालीच तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर, एका समूहछायाचित्रात होते. तीही बहुधा नावांशिवाय.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली चालत आली त्यांना यात काही खटकण्याचे कारण नाही. त्यांचा कचेरीशी संबंध फी भरण्यापुरता. पण ज्या घरात पदवीचा कागदच पहिल्यांदा आला, त्या घरातल्या मुलाला कॉलेज प्रथम भेटते ते खिडकीपाशी. पुष्कळांच्या बाबतीत ते तिथेच संपतेही. म्हणून आमच्या दृष्टीने कायद्याच्या शिक्षणाचा खरा इतिहास या खिडकीचा इतिहास आहे, असे मला वाटते. तो लिहायला माझ्याजवळ दप्तरखाना नाही. थोडा बाबासाहेबांच्या चरित्राचा आधार आहे, आणि पेठसारख्या तालुक्यात शिकवताना रोज जे दिसते त्याचा.

पेठमध्ये कायदा कसा आला हे आधी सांगितले पाहिजे. नाशिकहून सावळघाट उतरून इकडे आले की पुढे गुजरातची हद्द लागते. मुलूख कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा. एकेकाळी हे संस्थान होते. १८५७च्या उठावात इथला आदिवासी उठला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि संस्थानाच्या घराण्यातील भगवंतराव यांना इंग्रजांनी फाशी दिले. पुढे १८७८ साली बेगम वारल्या, संस्थान खालसा झाले आणि पेठ नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला. त्याच १८७८ साली इंग्रज सरकारने वन कायदा केला. म्हणजे संस्थान गेले आणि रानावरचा हक्कही जायला लागला, दोन्ही एकाच साली. अशा मुलखात कायदा हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे फॉरेस्टचा गार्ड उभा राहतो. वकील उभा राहत नाही.

आज हा तालुका पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा इथल्या माणसाच्या बाजूने बोलतात. तरीही मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसे पायी चालत गेली. त्यांतले फार मोठे लोंढे याच पट्ट्यातले आदिवासी होते आणि त्यांच्या मागण्यांत वनहक्काच्या दाव्यांची मागणी अग्रभागी होती. दावा नामंजूर का झाला, अपील कोठे करायचे, नकाशा कोणाकडून घ्यायचा, हे समजावून सांगणारा आपल्यातला वकील गावोगाव असता तर? हा प्रश्न मी वर्गात विचारला की मुले एकमेकांकडे पाहतात. त्यांतल्या दोघाचौघांना वकील व्हायचे असते. होतो मात्र एखादाच.

का होत नाही? बुद्धी कमी पडते म्हणून, असे उत्तर देणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवणार नाही. त्याऐवजी १९१७ सालच्या बडोद्याच्या एका कचेरीकडे पाहू.

कोलंबियाहून आणि लंडनहून शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेले आहे. आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. वरच्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, आणि खालच्या शिपायाने ती परत घेतली. राजाचा हुकूम आणि कचेरीचा व्यवहार या दोहोंमध्ये जे अंतर असते, ते बाबासाहेबांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

पुढे १९२२मध्ये ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२८मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते काही काळ प्राध्यापक होते आणि जून १९३५मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. हे कॉलेज १८५५पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्या कायदा-शिक्षणसंस्थांपैकी एक. ज्याच्या हाती कागद द्यायला शिपाई तयार नव्हते, त्याच्या सहीशिवाय आता कॉलेजचा कागद हलणार नव्हता. आणि त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात याच प्राचार्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. हे दोन प्रसंग आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. ते चार महिन्यांच्या अंतरातले आहेत याचा विसर पडतो. १९३६मध्ये त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेखही लिहिला. १९३८पर्यंत ते त्या पदावर होते.

पण खिडकीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. ऑक्टोबर १९४२मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा ही मागणी होती. त्यातून १९४४-४५पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. सुरुवातीची तरतूद वर्षाला ३ लाख रुपयांची होती. १९४८-४९मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. कॉलेजात ज्याला आपण आजही ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ म्हणतो ती हीच.

दुसरे काम पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. संस्था १९४५ची, आणि तिचे पहिले कॉलेज, सिद्धार्थ, १९४६मध्ये मुंबईत निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण ज्यांच्यासाठी ते काढले होते ती मुले दिवसा नोकरी करीत. वेळापत्रक ही कचेरीची बाब मानली जाते. कारकून ते टंकलिखित करतो आणि फलकावर लावतो. पण कॉलेज कोणत्या वेळी भरते यावरून ते कोणासाठी आहे हे ठरते, हे इथे प्रथम कोणीतरी ध्यानात घेतले होते. तीच गोष्ट ग्रंथालयाची. सिद्धार्थचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याशी बाबासाहेबांचा अखेरपर्यंत पत्रव्यवहार होता, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या छपाईचे काम त्यांनी रेग्यांच्याच हाती सोपवले होते. ज्या कॉलेजचा संस्थापक ग्रंथपालाला इतक्या जवळचा मानतो, तिथे ग्रंथपाल हा ‘शिक्षकेतर’ उरत नाही. मला तर हा शब्दच आवडत नाही. एखाद्याच्या कामाचे नाव तो काय नाही यावरून ठेवायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

सिद्धार्थ लॉ कॉलेज १९५६मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. कायद्याचे कॉलेज, धर्मांतर आणि पोरकेपण एकाच वर्षात आले. आणि इथे कचेरीच्या इतिहासातले सर्वांत अवघड पान उघडते. प्रवेशअर्जावर धर्म आणि जात असे दोन रकाने असतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांची पडली नाही. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीचे दार त्यांच्यासाठी उघडायला १९९० उजाडले. मधली चौतीस वर्षे आपल्या मुलांनी त्या रकान्यात काय लिहायचे? खरे लिहावे तर हक्क जातो, हक्क मागावा तर धम्म लपवावा लागतो. घरात बुद्धवंदना म्हणणाऱ्या बापांनी मुलाच्या दाखल्यावर जुनी जात तशीच राहू दिली. त्यांना आपल्यातलेच काही नावे ठेवतात. हा पेच समाजशास्त्राच्या पुस्तकांत धर्मांतराचे परिणाम या मथळ्याखाली येतो. पण तो सोसला गेला तो कॉलेजच्या खिडकीपुढे, उभ्याउभ्या, मागे रांग असताना.

आदिवासी विद्यार्थ्याचा पेच निराळा. त्याची जात खरी की खोटी याचा निकाल लागावा लागतो. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरून उद्भवलेल्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, आणि त्यानंतर महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा लाटल्या जात होत्या, म्हणून ही पद्धत आली. तिची गरज होती हे मी नाकारत नाही. पण लबाडी केली दुसऱ्यांनी आणि पुरावे जमवत फिरतो पेठचा खरा कोकणा, ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नव्हती. ‘आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा’ हे वाक्य त्याला ऐकावे लागते. ज्या समाजाला शाळेबाहेर ठेवले, त्यालाच शाळेचा पुरावा मागायचा!

इथे माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. बी.ए. झाल्यावर मलाही वकील व्हायचे होते. एका शहरातल्या लॉ कॉलेजात यादीत नाव लागले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘पूर्ण फी आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळेल.’ ते ओरडले नाहीत, जातही काढली नाही. आई तेव्हा द्राक्षांच्या बागेत रोजाने जात होती. मी उद्या येतो म्हणून सांगितले आणि गेलो नाही. शिष्यवृत्तीधारकाकडून शिक्षणशुल्क आगाऊ घ्यायचे नसते, हे मला पुढे एम.ए.ला असताना कळले. आज मी इतिहास शिकवतो, त्याचे मला दुःख नाही. पण त्या दिवशी एखाद्या शिपायाने जरी बाजूला घेऊन सांगितले असते, तरी मी प्राचार्यांपर्यंत गेलो असतो.

कचेरीत आपली माणसे नव्हती का? होती, बहुतेक शिपायाच्या जागेवर. बिंदुनामावली आली, वरच्या जागांवरही आपले काही लोक आले, आणि जिथे आले तिथे खिडकीचा स्वर बदलला हे मी पाहिले आहे. (न बदललेलाही पाहिला आहे. खुर्ची माणसाला लवकर शिकवते.) आता पुष्कळ ठिकाणी लिपिकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि चतुर्थ श्रेणीची कामे कंत्राटदाराकडे गेली आहेत. कंत्राटावरचा शिपाई अकरा महिन्यांनी बदलतो. कोणाची फाइल कोठे अडते हे त्याला कळेपर्यंत त्याची जाण्याची वेळ होते.

दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. २०१४च्या कायद्याने महाराष्ट्राला ती मिळाली. मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशी तीन. तिथे कुलसचिव आहेत, परीक्षा विभाग आहे, नोकऱ्या मिळवून देणारा कक्ष आहे, निवासाची सोय आहे. पण वर्षाचा खर्च लाखांत, आणि प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून. पेठच्या मुलाला ती विद्यापीठे परदेशाइतकीच दूर. त्याचे कॉलेज म्हणजे नाशिकचे. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी ७० टक्के हजेरी सक्तीची केली आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरावेत असे ठरवले. वकिलीचे शिक्षण गंभीरपणे व्हावे हा हेतू चांगला आहे. मग पेठहून रोज घाट चढून जाणाऱ्या मुलाची हजेरी वसतिगृहाशिवाय कशी भरणार? वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६पासून आदिवासींना ‘स्वयं’ आणि आपल्यासाठी ‘स्वाधार’ अशा योजना झाल्या. पैसे खात्यात येतात, पण खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते, त्यावर योजनेत काही उपाय नाही.

खिडकीही आता बदलली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून खात्याकडे. कारकुनाचे तोंड पाहावे लागत नाही म्हणून मीही प्रथम सुटकेचा श्वास टाकला होता. परंतु खिडकीवरच्या माणसाला निदान ‘का?’ असे विचारता येत होते.

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी नाशिकला कायद्याच्या पहिल्या वर्षात गेला. डिसेंबरात त्याच्या मोबाइलवर संदेश आला: अर्ज परत पाठविला आहे. कारण दिलेले नव्हते. गावात नेट धड मिळत नाही, मुदतीला चार दिवस उरले होते. मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर सकाळच्या एस.टी.ने गेलो. खिडकीवर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. आधारवर बापाचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले होते आणि जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, एका वेलांटीचा फरक.

‘एवढंच आहे होय?’ तो म्हणाला.

‘एवढंच. पण एवढ्यासाठी यंदा सात जणांचे आलेत परत,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोणते प्रतिज्ञापत्र जोडायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले, खाली आपला नंबर घातला, आणि त्याला विचारले, ‘तुमच्याकडची आणखी कोणी मुलं आहेत का रे? त्यांना म्हणावं, नुसते फोनकडे बघत बसू नका, इकडे या.’