वास आणि वेदना : नाकातले दोन वेगळे मार्ग

फोडणीत लाल मिरची करपली की घरभर खकाणा होतो. शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहते, घशात ठसका लागतो. ‘मिरचीचा वास नाकात गेला’ असे आपण म्हणतो, पण यात वास थोडा आणि वेदनाच जास्त असते. वास आणि वेदना यांची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा नाकात वेगवेगळ्या असतात. एरवी हा फरक कळला नाही तरी बिघडत नाही. मात्र ज्याचा वास गेला आहे, त्याने तो समजून घेतलेला बरा.

वास मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

नाकाच्या छताशी काही चौरस सेंटीमीटरचा एक पातळ पडदा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. या पेशींवरील ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. एका वासाने त्यांतले अनेक ग्राही कमीअधिक प्रमाणात जागे होतात आणि त्या एकत्रित नमुन्यावरून मेंदू ‘ही कॉफी’, ‘हा मोगरा’ असे ओळखतो.

या पेशींचे धागे कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात. डोक्याला जोराचा मार लागल्यावर वास जातो, तो बहुधा हेच धागे तुटल्यामुळे. पुढे हा संदेश भावनांशी संबंधित अमिग्डालापर्यंत थेट पोहोचतो. दृष्टी, आवाज, स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस या केंद्रात थांबतात, वासाचा संदेश तिथे न थांबता पुढे जातो. एखाद्या वासाने जुनी आठवण अचानक जागी होते, त्यामागे मेंदूची ही रचना आहे.

झोंबणे म्हणजे वास नव्हे

नाक, डोळे आणि चेहरा यांची वेदना ट्रायजेमिनल ही नस वाहून नेते. तिचा संदेश मेंदूच्या देठातून थॅलॅमसकडे आणि तिथून मेंदूच्या अनेक भागांत जातो. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चेतवते, तोच ग्राही भाजल्यावरही चेततो. म्हणून आपल्याला मिरचीने ‘आग होते’. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधला. 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मेन्थॉल मात्र गारव्याचा ग्राही चेतवते. बाम हुंगल्यावर चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण आतली सूज तेवढीच असते. वाटते तो फक्त गारवा.

म्हणूनच वास तपासताना आम्ही अमोनिया किंवा बाम वापरत नाही. डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून कॉफी किंवा साबण हुंगायला देतो. ‘डॉक्टर, बाम कळतो, म्हणजे वास येतोय ना?’ असे रुग्ण विचारतात. बाम झोंबतो एवढाच त्याचा अर्थ.

दोन्ही मार्गांना लागणारा एक रेणू

मार्ग वेगळे असले तरी त्यांत एक गोष्ट समान आहे. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मापासून वेदनाच न जाणवणाऱ्या व्यक्ती होत्या. त्यांच्या पेशींतील एनएव्ही 1.7 हा सोडियमचा मार्ग निकामी असल्याचे 2006 मध्ये दिसून आले. हा दोष असलेल्यांना वासही येत नाही, हे 2011 च्या संशोधनातून कळले. वासाच्या पेशी चेततात, पण त्यांचा संदेश मेंदूतल्या पहिल्याच थांब्यावर पुढच्या पेशीकडे जात नाही. वेदना नसणे हे सुख वाटेल, पण अशा मुलांना हाड मोडलेले किंवा जीभ चावलेली कळत नाही.

सुगंधाने दुखणे कमी होते का?

थोडेसे, आणि वेगळ्या अर्थाने. कॅनडातील एका प्रयोगात सुवासामुळे लोकांची मनःस्थिती सुधारली आणि वेदना कमी त्रासदायक वाटली, पण वेदनेची तीव्रता बदलली नाही. ती बदलली लक्ष दुसरीकडे वळवल्यावर. तेव्हा सुगंधी तेल आवडत असेल तर जरूर लावा, मात्र त्यासाठी वेदनेचे कारण शोधायचे थांबू नका. मायग्रेन असलेल्यांना तर अत्तराचा वासही सहन होत नाही.

वास गेला असेल तर

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. ते वासाच्या नसेवाटे ओळखले जाते, मिरचीसारखे झोंबत नाही. त्यामुळे वास गेलेल्या माणसाला गळती कळेलच असे नाही. रात्री रेग्युलेटर बंद करावा, गॅस डिटेक्टर बसवावा. उरलेल्या अन्नावर तारीख लिहून ठेवावी.

विषाणूसंसर्गानंतर गेलेला वास अनेकदा हळूहळू परत येतो. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, किमान 12 आठवडे लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव काहींना उपयोगी पडतो. वास कळेनासा होणे हे पार्किन्सन आजाराचे फार आधीचे लक्षणही असू शकते, म्हणून कारण नसताना वास गेला तर डॉक्टरांना सांगावे. एकाच नाकपुडीचा वास गेला आणि त्यातून रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि नाक शिंकरू नये.